वॉरंटीतलं इंजिन आणि गिअरबॉक्स: दुरुस्ती घ्यायची की बदली मागायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी वर्कशॉपमध्ये उभी असते, ॲडव्हायझर म्हणतो "कंपनीचं ॲप्रूव्हल येऊ दे", आणि घरात दोन तट पडतात. एक म्हणतो नवीन इंजिनच घे, सोडू नको. दुसरा म्हणतो आधी गाडी तर हातात येऊ दे. खालचे प्रश्न या दोघांचेही आहेत. उत्तरं मुंबईतल्या रस्त्यांवर आणि इथल्या सर्व्हिस सेंटरमध्ये जे चालतं ते धरून दिली आहेत.

पॉवरट्रेन वॉरंटीत नक्की काय काय येतं?

ताकद जिथे तयार होते तिथपासून ती चाकापर्यंत पोचते तिथपर्यंतचं सगळं: ब्लॉक, हेड, क्रँक, पिस्टन, ऑइल पंप, टायमिंग चेन, टर्बो, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ड्राइव्ह शाफ्ट. घासून संपणाऱ्या वस्तू बहुतेक कंपन्या वगळतात. क्लच प्लेट, बेल्ट, फिल्टर, स्पार्क प्लग ही त्यातली नेहमीची नावं.

मुंबईत पहिलं भांडण क्लचवरूनच होतं. घोडबंदर रोडवरून रोज अर्ध्या क्लचवर सरकत ऑफिसला जाणाऱ्या गाडीची प्लेट लवकर गेली तर कंपनी हात वर करते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा कंपनीचंच बरोबर असतं. मात्र काढलेली प्लेट स्वतः बघा. ती कोरडी आणि जळालेली असेल तर विषय संपला. ऑइलने भिजलेली असेल, तर क्रँकचं किंवा गिअरबॉक्सचं ऑइल सील गळतंय आणि प्लेट त्याच्यामुळे गेली आहे. सील वॉरंटीत येतं. मग प्लेटही त्याच क्लेममध्ये मागता येते. हे तुम्हाला आपण होऊन कोणी सांगणार नाही.

वाढीव वॉरंटी घेतली असेल तर तिची पुस्तिका वेगळी असते. ती गाडीच्या कंपनीचीच आहे की डीलरने दुसऱ्या कोणाची विकली आहे, हे आधी पाहा. दुसऱ्या प्रकारात क्लेमच्या रकमेला मर्यादा असू शकते.

दुरुस्ती की बदली, हे ठरवतो कोण?

कंपनी. जवळजवळ प्रत्येक वॉरंटी पुस्तिकेत "दुरुस्ती किंवा बदली, कंपनीच्या मर्जीनुसार" अशा अर्थाचं वाक्य असतं. डीलर फोटो, स्कॅनरचे कोड आणि मोजमापं वर पाठवतो, कंपनीचा वॉरंटी विभाग मंजुरी देतो. समोर बसलेल्या ॲडव्हायझरच्या हातात फारसं काही नसतं. त्याच्यावर आवाज चढवून दमण्यापेक्षा "एरिया सर्व्हिस मॅनेजर (कंपनीचा त्या भागातला अधिकारी) गाडी बघायला कधी येणार?" एवढंच विचारा आणि तारीख घ्या.

अख्खी गाडी बदलून मागणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा हा निकाल ठाऊक असायला हवा. क्लचच्या तक्रारीवरून ते प्रकरण वर गेलं होतं. वॉरंटीची अट सदोष भाग बदलून देण्याची आहे, गाडी बदलून देण्याची नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तेव्हा पहिल्याच ईमेलमध्ये "नवीन गाडी द्या" लिहिलंत की समोरचा माणूस तो ईमेल कायदा विभागाकडे सरकवतो आणि वर्कशॉपमधला संवाद आटतो. आधी भागाबद्दल बोला.

मग मी काय मागायचं ते कशावरून ठरवू?

काय तुटलं यापेक्षा त्याचा कचरा कुठवर पोचला, यावरून. हा एक प्रश्न नीट सुटला की बाकीचं बरंच आपोआप ठरतं.

हेड गॅस्केट गेलं, कूलंट आणि ऑइल एकत्र झालं, पण गाडी वेळेत बंद केली होती, असं धरा. हेड उतरवून त्याचा पृष्ठभाग सरळपट्टीने तपासतात. वाकलं नसेल तर गॅस्केट बदलून, ऑइल आणि कूलंट काढून, धुऊन काम होतं. इथे नवीन इंजिनचा हट्ट फुकट आहे. टर्बोचा शाफ्ट सैल झाला, टायमिंग चेनचा टेन्शनर ढिला पडला, एखादा इंजेक्टर गळतो, ही सगळी एका जागची दुखणी आहेत. तो भाग बदला आणि पुढे चला.

उलट, क्रँकचं बेअरिंग जागेवरून फिरलं आणि आतून ठोके यायला लागले की धातूचा चुरा ऑइलबरोबर सगळीकडे जातो. ऑइल पंप, कॅमशाफ्ट, टर्बोची बारीक नळी, ऑइल कूलर, काही सुटत नाही. अशा इंजिनात नुसतं बेअरिंग आणि क्रँक बदलून दिलं, तर कूलरच्या जाळीत अडकलेला चुरा सुटून नव्या बेअरिंगमध्ये जाऊन बसतो. तुमची वॉरंटी संपलेली असते तेव्हा. इथे ठाम राहा: एकतर पूर्ण असेंब्ली बदला, नाहीतर कूलर, पंप, टर्बो आणि ऑइलच्या सगळ्या वाटा बदलल्या किंवा साफ केल्या हे जॉब कार्डवर (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीवर) एकेक करून लिहून द्या.

हे कळण्यासाठी चार गोष्टी मागता येतात आणि त्या मागण्यात काही गैर नाही. चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) उघडल्यावरचा फोटो, ऑइल फिल्टर कापून आतल्या कागदाचा फोटो, प्रत्येक सिलेंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब), आणि प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून सिलेंडरच्या भिंती कशा दिसतात ते. कॉम्प्रेशनमध्ये नुसत्या आकड्यापेक्षा सिलेंडरा-सिलेंडरांतला फरक बोलका असतो. तीन सिलेंडर सारखे आणि चौथा बराच खाली, तर दुखणं त्या एकातच. चारही खाली असतील तर झीज सगळीकडे आहे. फिल्टरच्या घड्यांमध्ये चकाकी दिसली की दुरुस्तीच्या गप्पा जपून करा.

जुने भाग तुम्हाला मिळत नाहीत, हेही सांगून ठेवतो. वॉरंटीत बदललेला भाग कंपनीकडे परत जातो. म्हणून गाडी खोलतील त्या दिवशी तिथे हजर राहा आणि मोबाइलमध्ये फोटो काढा. वर्कशॉपच्या आत ग्राहकांना मनाई असेल तर काचेबाहेर उभे राहून ॲडव्हायझरला काढायला लावा.

नवीन इंजिन मिळत असेल तर नाही कशाला म्हणायचं?

कारण "नवीन इंजिन" या दोन शब्दांत बरंच काही दडलेलं असतं. अनेकदा येतं ते हाफ इंजिन: ब्लॉक, क्रँक, पिस्टन जोडून आलेले, आणि त्याच्यावर तुमचंच जुनं हेड, जुना टर्बो, जुने इंजेक्टर बसवतात. ते वाईट असतं असं नाही. पण "अख्खं इंजिन बदललं" असं समजून घरी पेढे वाटू नका. हाफ की पूर्ण, आणि नवीन की कंपनीने रिकंडिशन केलेलं, हे लेखी विचारा. काही पुस्तिकांमध्ये रिकंडिशन केलेला भाग देण्याची मुभा कंपनीने स्वतःकडे ठेवलेली असते.

दुसरं म्हणजे इंजिन उतरवणं हे स्वतःच एक मोठं ऑपरेशन आहे. वायरिंग, होज, माउंटिंग, एसीच्या नळ्या, सगळं सोडून परत जोडायचं. मूळ कारखान्यात हे एका ओळीत, ठरलेल्या टॉर्कवर होतं. वर्कशॉपमध्ये ते पावसात, तीन गाड्यांच्या मध्ये, महिन्याच्या टार्गेटच्या दडपणाखाली होतं. त्यात वॉरंटीच्या कामाचे तास कंपनीने आधीच ठरवून दिलेले असतात आणि डीलरला तेवढेच पैसे मिळतात. साधं टर्बोचं काम असताना इंजिन उतरवायला लावणं म्हणजे नवीन खडखडाटांना आमंत्रण.

माझं मत विचाराल तर एका जागचं, कारण कळलेलं दुखणं असेल तर दुरुस्ती. कारणच सापडत नसेल, किंवा चुरा फिरला असेल, तर बदली. आणि एकदा दुरुस्त करून तोच बिघाड परत आला, तर दुसऱ्यांदा दुरुस्तीला संमती देऊ नये.

इंजिन बदललं तर आरटीओमध्ये जावं लागतं का?

ब्लॉक बदलला असेल तर हो. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तोच आरसी बुकात असतो. हेड, टर्बो, पिस्टन बदलल्याने नंबर बदलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली हा बदल १४ दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवायचा असतो. तुमची गाडी एमएच-०१ असेल तर ताडदेव, एमएच-०२ ला अंधेरी, एमएच-०३ ला वडाळा, एमएच-४७ ला बोरिवली.

डीलरकडून नव्या इंजिनचं बिल किंवा वॉरंटी इनव्हॉइस घ्या, त्यावर जुना आणि नवा असे दोन्ही नंबर हवेत. गाडीवर कर्ज असेल तर बँकेलाही कळवायचं. विमा कंपनीला पॉलिसीत नंबर बदलून द्यायला सांगा. हे काम डीलरनेच करून द्यावं अशी अट गाडी खोलण्याआधी घाला. नंतर कोणी फोन उचलत नाही. राहून गेलं तर भुर्दंड अपघाताच्या क्लेमच्या वेळी पडतो, सर्व्हेअर गाडीवरचा नंबर आणि पॉलिसीतला नंबर जुळवतो तेव्हा.

गिअरबॉक्सचा हिशोब वेगळा असतो का?

असतो, आणि इथे पारडं बदलीकडे झुकतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडायला लागणारी स्वच्छ खोली, खास हत्यारं आणि प्रशिक्षित माणूस प्रत्येक डीलरकडे नसतो. म्हणून कंपन्या स्वतःच ठरावीक भाग बदलायची परवानगी देतात किंवा अख्खी असेंब्ली पाठवतात.

ड्युअल क्लचच्या (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या) गाड्या मुंबईत का रडतात? चेंबूर ते बीकेसी, सरक-थांब-सरक. या गाडीत क्लचचा पेडल तुमच्या पायाखाली नसतो, पण क्लच असतोच, आणि सरकताना तो अर्धवट लागलेला राहून तापतो. डिस्प्लेवर तापमानाची सूचना येते, गाडी झटके देते. सकाळी सर्व्हिस सेंटरच्या गल्लीत चालवून बघितली की सगळं सुरळीत. बिघाड "सापडत नाही" याचं अर्धं कारण हेच. संध्याकाळी सातला वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर त्यांचा माणूस शेजारी बसवून, एसी लावून फिरवा, आणि झटका आला की स्कॅनरमध्ये त्या क्षणाची नोंद घ्यायला लावा.

सॉफ्टवेअर अपडेट, क्लच पॅक बदलणं, कंट्रोल युनिट बदलणं आणि पूर्ण गिअरबॉक्स, साधारण याच क्रमाने कंपनी जाते. अपडेटने काही फरक पडत नाही असं नाही. पण "अपडेट मारलंय, चालवून बघा" हे तीनदा ऐकलं असेल तर पुढची पायरी लेखी मागा. एएमटीमध्ये, म्हणजे साध्या गिअरबॉक्सवर आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा बसवलेल्या गाडीत, बहुतेक वेळा ॲक्च्युएटर (क्लच आणि गिअर हलवणारा भाग) जातो, गिअरबॉक्स नाही. तिथे पूर्ण बदलीचा आग्रह धरू नका. आणि असेंब्ली बदलली तर गिअरबॉक्सचा ऑइल कूलर आणि त्याच्या नळ्या साफ केल्या का, हे विचारायला विसरू नका. चुऱ्याचं वर सांगितलं तेच इथेही लागू.

गाडी ऑइल खाते. सर्व्हिस सेंटर म्हणतं नॉर्मल आहे.

ऑइल खाण्याची चाचणी मागा. ऑइल खुणेपर्यंत भरायचं, ड्रेन बोल्टला आणि झाकणाला सील करायचं, साधारण १,००० किमी चालवून परत मोजायचं. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये १,००० किमीला अर्धा लिटरपर्यंतचा वापर मान्य धरलेला आहे, तेव्हा आधी तुमचं पुस्तक उघडा. मर्यादेपेक्षा जास्त निघालं तर पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो यातलं एक. कुठलं ते शोधून तेवढं दुरुस्त होतं.

डिझेल गाडीत उलटंही होतं: ऑइलची पातळी वाढते. २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना काजळी अडवून जाळणारा डीपीएफ हा फिल्टर असतो. दादर-माहीम एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो नीट तापत नाही, काजळी जाळण्याची क्रिया अर्धवट राहते आणि त्यासाठी फवारलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ झालं की बेअरिंगची वाट लागते. इथे कंपनी "वापर चुकीचा" म्हणेल. पंधरवड्यातून एकदा गाडी सायन-पनवेल हायवेवर एका वेगाने अर्धा तास चालवून आणलेली बरी.

पावसात पाणी शिरलं आणि इंजिन बसलं. वॉरंटी?

नाही. हिंदमाता असो, मिलन सबवे असो, पाण्यात बंद पडलेली गाडी परत स्टार्ट केली की सिलेंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वॉरंटीवाले एअर फिल्टरवरचा पाण्याचा डाग आधी बघतात. हा विम्याचा विषय आहे, आणि तिथेही साध्या पॉलिसीत इंजिनचं असं नुकसान सहसा नाकारलं जातं. इंजिन प्रोटेक्ट कव्हर जूनच्या आधी घेतलेलं हवं. पाण्यात गाडी बंद पडली तर चावीला हात लावू नका, टो करून न्या.

बाहेरून सीएनजी किट बसवलंय, एक सर्व्हिसही गॅरेजमध्ये केली. क्लेम गेला का?

किटचं अवघड आहे. कंपनीत बसवून आलेलं सीएनजी वेगळं, बाहेरचं वेगळं. सीएनजीवर व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीट जास्त तापतात, म्हणून हेडच्या बिघाडात कंपनी किटवर बोट ठेवणारच. गिअरबॉक्सच्या बिघाडाशी मात्र किटचा संबंध काय, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

बाहेर केलेल्या सर्व्हिसबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सांगितलं होतं की केवळ बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करायची अट घालू नका. पुढे प्रकरण अपिलात गेलं, आणि डीलरच्या काउंटरवर तो आदेश नाचवून काही साधत नाही. योग्य ग्रेडच्या ऑइलचं बिल, तारीख आणि किलोमीटर असलेला कागद जास्त उपयोगी पडतो. सर्व्हिस केलीच नसेल आणि ऑइलचा डांबरासारखा गाळ झाला असेल, तर कोणाकडेच बाजू उरत नाही.

वॉरंटी संपायला आठवडा उरलाय आणि आवाज आत्ता सुरू झालाय.

आजच जॉब कार्ड उघडा. तारीख तक्रारीची धरली जाते, दुरुस्तीची नाही. आवाज त्यांना ऐकू आला नाही तरी तुमच्या शब्दांत तक्रार लिहायला लावा आणि त्याच दिवशी ईमेल करा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला असेल तर तोही ईमेलला जोडा. वॉरंटी संपून थोडेच दिवस झाले असतील तर गुडविलमध्ये मागून पाहा. कंपनी भागाचा खर्च उचलते आणि मजुरी तुमच्याकडून घेते, अशी तडजोड होते. त्यासाठी सगळ्या सर्व्हिस वेळेवर झालेल्या हव्यात.

वॉरंटीत बसवलेल्या भागाला साधारणपणे मूळ वॉरंटीची उरलेली मुदतच मिळते. गाडी दीड महिना वर्कशॉपमध्ये पडून होती तर तेवढी मुदत वाढवून मागा. आपण होऊन कोणी देत नाही, मागितल्यावर काही वेळा देतात.

इलेक्ट्रिक गाडीचं काय?

बॅटरीला बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी देतात. एखादं मॉड्यूल गेलं तर तेवढंच बदलतात. त्यात नाराज व्हायचं कारण नाही, फक्त बदलानंतर बॅटरीच्या क्षमतेचा रिपोर्ट छापील घ्या.

ऐकतच नाहीत. तक्रार कुठे करू?

आधी कंपनीच्या कस्टमर केअरला लेखी, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बरीच प्रकरणं इथेच मिटतात, कारण हेल्पलाइनवरून गेलेली तक्रार कंपनीत वेगळ्या टेबलावर जाते. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या जुन्या संस्थेकडे मार्गदर्शन घेता येतं.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथे तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असलं तरी. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. शुल्क ५ ते १० लाखांच्या गाडीला २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००. मुदत दोन वर्षांची. कायद्यात निकालाला तीन महिने, आणि तपासणी लागली तर पाच महिने म्हटलं आहे. त्यावर विसंबून गाडी उभी ठेवू नका.

उत्पादनातला दोष आहे एवढं म्हणून चालत नाही, तज्ज्ञाचा अहवाल लागतो. म्हणूनच चेंबरचे आणि फिल्टरचे ते फोटो, प्रत्येक जॉब कार्ड आणि त्यावरची किलोमीटरची नोंद जपायची. डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

काम झालं, गाडी घ्यायला जातोय. काय बघू?

सगळ्यात आधी, "पूर्ण समाधान" वर सही करू नका. टेस्ट ड्राइव्ह झाल्यावर करा, किंवा "टेस्ट ड्राइव्ह बाकी" असं हाताने लिहून करा. थंड इंजिन स्वतः स्टार्ट करायला मिळेल अशा वेळी, म्हणजे सकाळी, जा. त्यांनी आधीच गरम करून ठेवलेली गाडी चेन आणि टॅपेटचा आवाज लपवते. मग मालाड किंवा कांदिवलीच्या गर्दीत एसी लावून वीस मिनिटं, आणि एखादा चढ. परत येऊन खाली वाकून गळती बघा, कूलंटची पातळी बघा.

जॉब कार्डवर बदललेल्या प्रत्येक भागाचा पार्ट नंबर हवा. "इंजिन काम केले" एवढी ओळ कोणाच्याच उपयोगाची नाही. नवीन इंजिन असेल तर पहिल्या १,००० किमीनंतर ऑइल तपासणी किंवा बदल कोण करणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हेही लिहून घ्या.

पुढे गाडी विकताना हे सांगावं लागेल का?

सांगाच. चांगला खरेदीदार कंपनीच्या सर्व्हिसचा इतिहास काढतोच, आणि लपवलेलं इंजिन भाव जास्त पाडतं. पार्ट नंबर असलेलं जॉब कार्ड आणि दुरुस्त केलेली आरसी समोर ठेवली तर ४०,००० किमीला बदललेलं इंजिन हा घासाघिशीत तुमच्या बाजूचा मुद्दा होतो.